नावाची जागा

"मावशी, माईकवर श्वास मत लो ना!" काचेपलीकडून योगेंद्र पुन्हा ओरडला.

"मंग काय मरू का?" मालूबाईंनी विचारलं.

मांडीवर ढोलक घेऊन बसलेल्या धुरपदाबाई फिसकन हसल्या. ते हसणंही रेकॉर्ड झालं आणि योगेंद्रनं कपाळाला हात लावला.

सिंधीपुऱ्यातल्या एका कपड्यांच्या दुकानावरची खोली म्हणजे योगेंद्रचा स्टुडिओ. भिंतींना करडा फोम, खाली जुनी सतरंजी आणि एक पंखा, जो रेकॉर्डिंग चालू असताना बंद ठेवायचा. मागच्या गल्लीत यंत्रमाग होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते थांबले, की तेवढ्या वेळात योगेंद्र गाणं उरकून घ्यायचा. मालूबाईंना याची गंमत वाटायची. बऱ्हाणपुरात राहून यंत्रमागाच्या खडखडाटाला घाबरणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

त्या स्वतः कशालाच घाबरत नसत. शहरातल्या बुधवाऱ्यापासून पार खकनार गावापर्यंत हळद, डोहाळजेवण, बारसं असलं, की मालूबाई आणि त्यांच्या शेजारीण धुरपदाबाई यांची जोडी ठरलेली. कोपऱ्यात कुकर शिट्ट्या मारतोय, पोरं रडतायत, दोन जावांचं साडीवरून वाजलंय, अशा गोंधळात त्यांनी उभं आयुष्य गाऊन काढलं होतं. नवरा लवकर गेला, लेक लहान होती, आणि गळा हीच काय ती इस्टेट. हौस म्हणून गाणाऱ्या बायकांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

"आता नीट घेऊ," योगेंद्र म्हणाला. "हळदीवालं गाणं. स्टार्ट."

मालूबाईंनी कानावरचा हेडफोन दाबून धरला आणि सुरुवात केली.

कोन आली, कोन आली, मांडवाच्या दारी?

आणि थांबल्या.

"क्या हुआ?"

"नाव?"

"कसलं नाव?"

"अरे बापा, नावाबिगर हळद कशी गाऊ? कोनाचं नाव घेऊ?"

योगेंद्रला काही उमजेना. शेवटी मालूबाईंनी त्याला समजावून सांगितलं. त्यांच्या हळदीच्या गाण्यात नवरीच्या घरातल्या एकेका बाईचं नाव घ्यायचं. नाव आलं, की त्या बाईनं हातातलं काम टाकून उठायचं आणि नवरीला हळद लावायची. ती येईपर्यंत गाणं पुढे सरकत नाही. एखादी मामी शेंगदाणे निवडत बसली असली, तर ती हात झटकून येईपर्यंत तीच ओळ घोळवत राहायची. आणि काही झालं तरी हळदीचं गाणं अर्धं सोडायचं नाही. ते अशुभ.

"तुझ्या मायचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"सरुबाई."

सरुबाई आली वं माय, हळद तिच्या करी.

योगेंद्र खुर्चीत सरळ झाला. आपल्या आईचं नाव इतकं देखणं असेल हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. मग तो भानावर आला आणि हसत म्हणाला, "मावशी, एक नंबर. लेकिन हे नाही चालणार. हर घर में माझी आई कशी जाईल? जनरल ठेवा ना. मामी, काकू, आई. चार मिनिटांत सगळं बसलं पाहिजे."

मालूबाईंनी जनरल ठेवलं. मामी आली, आत्या आली, काकू आली, नवरीची माय आली. कोणी उठलं नाही, कोणासाठी थांबावं लागलं नाही. गाणं ठरल्या वेळात संपलं.

मग योगेंद्रनं ते त्यांना ऐकवलं. आणि इथे खरं सांगायला हवं, की मालूबाईंना ते फार आवडलं. लग्नघरात त्यांना स्वतःचा आवाज कधी ऐकूच आला नव्हता. गाताना डोळे सगळे बायकांच्या पायांकडे, कोण उठली, कोण रुसली याच्याकडे. इथे मात्र दोन्ही कानांत तो आवाज आला, स्वच्छ, किंचित खरखरीत. एवढं मन लावून त्यांचं गाणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं, आणि हा पोरगा तर एका सुरासाठी पुन्हा पुन्हा थांबत होता.

"माहाच हाय ना हा?" त्यांनी विचारलं.

"आपकाच आहे, मावशी."

त्या दिवशी योगेंद्रनं मावा जिलेबी मागवली आणि मालूबाई ती खात खात घरी आल्या.

योगेंद्रनं गाणं इंटरनेटवर टाकलं आणि ते चाललं, चांगलंच चाललं. भाजीवाली ओळखायला लागली. रस्त्यानं जाताना कुठल्या तरी मांडवातून स्वतःचाच आवाज कानावर यायचा आणि मालूबाई पदर सावरून दोन पावलं हळू चालायच्या. मात्र लग्नसराई सुरू झाली तरी फोन वाजेना. दरवर्षी तारखांवरून भांडणारी माणसं यंदा गप्प होती. धुरपदाबाई म्हणाल्या, मुहूर्त कमी असतील. मुहूर्त भरपूर होते.

शेवटी फोन आला तो खकनारहून, गजाननरावांचा. हे केळीचे मोठे बागायतदार. त्यांचा धाकटा भाऊ समाधान दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. त्याची मुलगी अश्विनी. समाधानची बायको रंजिता मूळची बुधवाऱ्यातली, मालूबाईंच्या डोळ्यांसमोर वाढलेली. तिची हळद मालूबाईंनीच गायली होती.

"मावशी, अश्विनीचं लग्न हाय. हळदीले यायचं बरं का. गाडी पाठवतो."

"येईन ना! धुरपदालेबी आनते."

"नई नई, ढोलक-बिलक नका आनू. साऊंडवाला सांगून ठेवला. तुमचंच गानं लावनार हाय ना तो! तुम्ही फकस्त पाहुनी म्हनून या. आरामात बसा, वरनबट्टी खा."

बिचारे अगदी प्रेमानं बोलत होते. मालूबाईंनी फोन ठेवला. आधी त्यांना हसू आलं, मग असा संताप आला, की हातातला तांब्या त्यांनी ओट्यावर आपटला. परक्या कोणी धंदा बुडवला असता तर त्याला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथे शिव्या द्यायच्या कोणाला?

"जाऊ नको मंग," धुरपदाबाई म्हणाल्या.

"जाईन. तू ढोलक घे."

"त्यायनं नई म्हटलं ना?"

"साडीत गुंडाळ. कोनी विचारलं त आहेर हाय म्हनून सांगजो."

खकनारला पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. अंगणात मांडव, चारी खांबांना घड लागलेले केळीचे खुंट आणि कोपऱ्यात माणसाच्या उंचीचे स्पीकर. धुरपदाबाईंच्या मांडीवरचा एवढा मोठा आहेर पाहून बायका कौतुकानं बाजूला सरकल्या. "मावशी, तुमचं गानं लई भारी," असं म्हणत दोघीतिघींनी वाकून नमस्कारही केला. मालूबाईंना पहिल्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची मिळाली. आजवर त्या लग्नघरात सतरंजीवर बसल्या होत्या. खुर्चीवर बसून पायांचं काय करायचं ते त्यांना कळेना.

अश्विनी पाटावर बसली होती. पण रंजिता कुठे दिसेना. मालूबाई उठून मागच्या दारी गेल्या. तिथे गोवऱ्यांच्या आरावर बट्ट्या भाजल्या जात होत्या आणि रंजिता चिमट्यानं त्या उलटत होती.

"तू इथं काय करून राह्यली वं?"

"बट्ट्या पाहून राह्यली, मावशी. जळून जातीन ना."

"लेकीले हळद?"

"जाऊबाई लावतीन." रंजितानं वर न बघता सांगितलं. "मांडवात मले कुठं चालतं आता. तुमाले त सगळं माहीत हाय."

मालूबाईंना माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या लेकीच्या, तृप्तीच्या हळदीत त्यांनी सगळ्या नातेवाईक बायकांची नावं घेतली होती, आणि आईच्या जागी नणंदेचं. गाणारी विधवा असली तर चालतं, हळद लावणारी नाही, असा तो हिशेब. पोरीला हळद लागताना त्या सतरंजीवर बसून टाळ्यांचा ठेका देत होत्या. त्या दिवशी त्यांना फार वाईट वाटलं होतं, आणि ते त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. नंतर कितीतरी घरांत, "हे नाव घेऊ नका बरं," असं कोणी कानात सांगितलं, की त्या ते नाव गाळून पुढे जात. धंद्यात तसं करावंच लागतं.

तेवढ्यात मांडवात गाणं सुरू झालं.

मालूबाई परत येऊन खुर्चीवर बसल्या. स्पीकरमधून त्यांचा आवाज अंगावर येत होता. *मामी आली वं माय.* तीन मामा होते, त्यामुळे तिन्ही मामी एकदम उठल्या, एकमेकींवर आदळल्या आणि खिदळत हळद लावून गेल्या. तोवर आवाज आत्यांकडे पोचलाही होता. तिथे एक आत्या अजून चपला काढत होती. तिच्यासाठी तो थांबला नाही.

कोन आली, कोन आली, मांडवाच्या दारी?
नवरीची माय आली वं, हळद तिच्या करी.

गजाननरावांची बायको विमल उठली. तिनं पदर सावरला, एकदा मागच्या दाराकडे पाहिलं आणि वाटीत बोटं बुडवली. अश्विनीनं मान खाली घातली. कोणी काही म्हटलं नाही. म्हणणार काय? गाण्यानं माय म्हटलं आणि एक बाई उठली. बस, झालं.

मालूबाई ऐकत राहिल्या. तो गोड, स्वच्छ, श्वास कापून टाकलेला आवाज विमलला नवरीची माय म्हणत होता. इतकी वर्षं नावं गाळताना त्यांना आपला आवाज ऐकू येत नव्हता. आज खुर्चीवर बसून, दुसरं काहीही काम नसताना, तो नीट ऐकू आला. त्यांना स्वतःची अशी चीड आली, की त्या उठल्याच.

साऊंडवाला मिशा पिळत मोबाइल बघत होता.

"बंद कर."

"अहो मावशी, चालू द्या ना. ओरिजिनल सिंगरचं गाणं आहे."

"ते सिंगर मीच हाय. बंद कर."

त्यानं एकदा त्यांच्या चपलांपासून अंबाड्यापर्यंत पाहिलं, पण मालूबाईंच्या नजरेपुढे त्याचं काही चाललं नाही; त्यानं बटण दाबलं. मांडव एकदम गप्प झाला. विमलचा हात वाटीतच राहिला.

"काय झालं? लाइट गेली का?" गजाननराव आतून धावत आले.

"लाइट हाय," मालूबाई म्हणाल्या. त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या. "धुरपदा, आहेर सोड."

साडीतून ढोलक निघालं तेव्हा पोरीबाळी टाळ्या पिटायला लागल्या. गजाननरावही कसनुसे हसले. म्हाताऱ्या बाईची हौस आहे, गाऊ दे दोन ओळी, असं त्यांना वाटलं असावं. मालूबाईंनी आधी कुलदेवतेचं नाव घेतलं. मग मामी, एकेक, नावानं. मग आत्या. चपलावाल्या आत्याचं नाव आलं, तेव्हा ती येईपर्यंत ओळ तीनदा फिरली आणि मांडवभर हशा झाला. मग मालूबाईंनी श्वास घेतला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

कोन आली, कोन आली, मांडवाच्या दारी?
रंजिता आली वं माय, हळद तिच्या करी.

धुरपदाबाईंचा हात अडखळला. मालूबाईंनी गुडघ्यानं त्यांचा गुडघा ढोसला आणि ठेका पुन्हा सुरू झाला.

"मावशी!" गजाननराव पुढे आले. "ते नाव नका घेऊ. शुभकार्य हाय."

मालूबाईंनी त्यांच्याकडे पाहत तीच ओळ पुन्हा गायली. बोलायला त्या मोकळ्या नव्हत्या. त्या गात होत्या.

"कोनी सांगा ना त्यायले! बंद करा!"

पण बंद कोण करणार? मशीनवरचं तुटलं ते सोडा, गळ्यातून निघालेलं हळदीचं गाणं अर्धं सोडायचं नाही, हे मांडवातल्या प्रत्येक बाईला आईकडून ठाऊक होतं. आपल्या घरच्या हळदीत ते तुटावं, अशी गजाननरावांचीही तयारी नव्हती. स्पीकर असता तर बटण होतं. ते सतरंजीच्या कडेला उभे राहिले आणि ओळ त्यांच्यासमोर फिरत राहिली. मालूबाईंचा घसा खरवडायला लागला. वरचा सूर फाटला. स्टुडिओत योगेंद्रनं तो कधीच ठेवला नसता. त्यांनी तो तसाच फाटका लावला, पुन्हा लावला.

मागच्या दारात रंजिता येऊन उभी राहिली होती. हाताला राख, तोंडाला पदर. ती आत पाऊल टाकेना.

"मम्मी," अश्विनी पाटावरून म्हणाली.

शेवटी हलली ती विमल. बोटांवरची हळद तिनं वाटीच्या काठाला पुसली आणि ती पाटापासून बाजूला झाली.

"ये ना वं रंजिता," ती जरा रागानंच म्हणाली. "मावशीचा गळा बसंल."

रंजिता आली. येता येता तिनं राखेचे हात साडीला पुसले. ती लेकीच्या पायांशी बसली आणि पावलं, गुडघे, खांदे, गाल अशी खालून वर हळद लावत गेली. कपाळावरची हळद ओघळून डोळ्यात गेली आणि अश्विनी रडायला लागली ती त्या निमित्तानं. मालूबाईंनी तेवढा वेळ ओळ धरून ठेवली. मग पुढचं नाव घेतलं.

विमल आली वं माय, हळद तिच्या करी.

विमलनं चमकून पाहिलं आणि ती पुन्हा पुढे झाली, या वेळी स्वतःच्या नावानं.

गाणं पुरं झाल्यावर गजाननराव जवळ आले. आवाज चढवला नाही, पण चेहरा लाल होता.

"मावशी, मान ठेवला तुमचा. पन यापुढं खकनारात तुमाले कोनी बोलावनार नई, हे ध्यानात ठेवा."

"नका बोलावू," मालूबाई म्हणाल्या. आवाज पार बसला होता. "गायले त मी आजबी बोलावल्यावर कुठं आली होती?"

परतीची गाडी कोणी काढली नाही. फाटकापर्यंत रंजिता पोचवायला आली. डब्यात बट्ट्या दिल्या. मग तिनं मुठीत आणलेली उष्टी हळद काढली आणि मालूबाईंच्या दोन्ही गालांना फासली. मालूबाईंच्या गालाला हळद लागून किती वर्षं झाली होती ते त्यांनाही आठवेना. बसमध्ये समोरची बाई वळून वळून बघत होती. पिकल्या केसांची, बिनकुंकवाची म्हातारी आणि गाल पिवळेधमक.

"पुसून टाक ना," धुरपदाबाई म्हणाल्या. "लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

आठवडाभरात योगेंद्रचा फोन आला. पार्ट टू करायचा होता. मालूबाई धुरपदाबाईंना घेऊन सिंधीपुऱ्यातला जिना चढल्या आणि माईकसमोर बसण्याआधीच म्हणाल्या, "पार्ट टू मागून. आधी जुनं गानं काढून टाक. ते पुन्हा गाते."

"डिलीट?" योगेंद्र उभाच राहिला. "मावशी, कितने व्ह्यूज आहेत माहीत आहे का? त्याच्यात खराबी काय आहे?"

"मायची ओळ खराब हाय."

"सूर तो एकदम बरोबर आहे."

"सुराचं कोन बोलून राह्यलं? ते ओळ रिकामी ठेवायची. मामी, आत्या, काकू काय ते जनरल म्हनते तुह्या मनासारखं. मायच्या जागी मी गप बसंन."

"ठीक आहे, तिथं बासरी टाकतो."

"काही टाकू नको. धुरपदाचं ढोलक तेवढं चालू राहीन."

"मावशी, लोगों को लगेगा गाना अटक गया."

"लागू दे. अटकलं म्हनून त्यायच्या घरातल्या कोनी तोंड उघडावं. आपल्या घरची माय कोन, ते मले काय विचारता?"

"आणि कोणी नाव घेतलंच नाही तर?"

मालूबाईंनी हेडफोन कानावर चढवला. "त मंग घेतलं नई, हे सगळ्या मांडवाले ऐकू येईन. नई जमत त सांग, मी चालली. गळा माहा हाय."

योगेंद्रनं पंखा बंद केला. मागच्या गल्लीतले माग एकेक करून थांबले.

मालूबाईंनी सुरुवात केली. मामी आली, आत्या आली, काकू आली. श्वास त्यांनी माईकवरच घेतला आणि या वेळी काचेपलीकडून कोणी ओरडलं नाही.

कोन आली, कोन आली, मांडवाच्या दारी?

त्यांनी ओठ मिटले. धुरपदाबाई वाजवत राहिल्या. मालूबाई स्टुडिओच्या बंद दाराकडे बघत बसल्या, लग्नघरात बघत तशा, आता कोणीतरी हात पुसत येणारच आहे म्हणून.